बांगड्यांचा हात

मोबाइल ठेवा आधी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. हे माझ्या मावसभावाच्या, बचलच्या बाबतीत घडलंय. इथेच असतो तो, सिंधूकाठी. भेटला तर विचारू नका.

दोन हजार बावीस, वीस ऑगस्ट, शनिवार. रात्री पावणेदोनला कालवा काठोकाठ भरल्याची हाळी आली. बायको गाठोडी बांधायला लागली आणि बचल शेळी आणायला निघाला. शेळी जमिनीत गाडलेल्या जुन्या शहराच्या टेकाडाखाली बांधलेली. सहा वर्षांची सभागी मागे लागली. डाव्या पायाला सहा बोटं, म्हणून सभागी. भाग्याची.

“शेळी माझी आहे, बाबा. तुझं ऐकत नाही ती.”

“तू तरी कुठे ऐकतेस? चल.”

दावं सोडतोय तोच पाणी आलं. आधी मांडीला, मग छातीला. टेकाडाची कड निसरडी. त्याने पोरीला डोक्यावर उचललं.

वरून बाईचा आवाज आला. “दे. पोरीला दे.”

वीज चमकली. हात खाली आलेला. पार खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या. शेजारच्या वस्तीतल्या थरच्या वाळवंटातून आलेल्या बायका घालतात तशा. पुरात आपण वर कोण आहे ते विचारत नाही, पोर आधी वर देतो. त्यानेही दिली.

“बाबा, हिचा हात ओल्या मातीचा...”

पाण्याने त्याला ओढलं. बाभळीला धरून तो कसाबसा वर चढला.

वर कुणी नव्हतं.

हाक मारली. पुन्हा मारली. पायाखाली... खोल... बांगड्या वाजल्या. त्याने नखांनी उकरलं. उजाडेपर्यंत. मग बांगड्यांचा आवाजही थांबला.

थरच्या बायका रात्रभर बंधाऱ्यावर होत्या. तीन मैल लांब.

सकाळी होडीतून बायको आली. “पोर कुणाकडे दिलीस?”

बचलने पायाखालच्या मातीकडे बोट दाखवलं.

मी असतो तर मीही दिली असती. अजून झोप लागत नाही मला.

पाणी ओसरलं तेव्हा टेकाडाची बाजू ढासळून जुनी भिंत उघडी पडली होती. उत्खननाचे साहेब पाहायला आले. एका विटेवरची माती त्यांनी बोटाने पुसली.

“साडेचार हजार वर्षांपूर्वी भाजलेली. ओली असताना कुणा पोराने पाय दिलाय बघ.”

बचल खाली बसला. त्याने बघितलं.

डावा पाय. सहा बोटं.