दुरुस्तीवाल्यावर पाळत

भाचीबाईनं गोदामाचं शटर वर केलं आणि ती जागीच थबकली. मधोमध एक तंबू उभा होता आणि त्यातून दोन अनवाणी पाय बाहेर डोकावत होते.

"कोण आहे?" तिनं हाताशी आलेलं वल्हं उचललं.

"जरा थांबा... भोकं शोधतोय. आत झोपलं की वरच्या दिव्याच्या उजेडात बरोबर दिसतात."

पाय आत गेले, डोकं बाहेर आलं. विस्कटलेले केस, ओठांत धरलेली सुई. ती त्यानं कॉलरला टोचली आणि हसला. "मी नवा दुरुस्तीवाला. मामांनी काल ठेवलं, मागच्या दाराची किल्लीही दिली. तुम्ही सगळ्यांचं स्वागत वल्ह्यानंच करता?"

"ओळख पटेपर्यंत," ती म्हणाली.

कंपनी तिच्या मामांची. डोंगर चढवणं, सायकलवर रानं फिरवणं, तलावात होड्या वल्हवायला नेणं हा त्यांचा धंदा. पाहुण्यांना दिसायचा तो फक्त हसतमुख गाइड. फाटके तंबू, गंजल्या साखळ्या, ओली लाइफ जॅकेटं हे सगळं भाचीबाईच्या वाट्याला. गेल्या हंगामात इथं एक मेकॅनिक होता. डोळ्यांची तारीफ करत करत त्यानं तिच्याकडून सगळ्या वाटांची, मुक्कामाच्या जागांची माहिती काढून घेतली, आणि एके दिवशी तलावापलीकडच्या कंपनीत जाऊन बसला. तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेली भाचीबाई ताकही फुंकून पीत होती.

नवा मात्र कामाला वाघ. तिच्या रेनकोटची अडकलेली चेनही त्यानं न सांगता दुरुस्त केली.

"मी सांगितलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही. रोज त्या चेनशी भांडताना बघत होतो..."

"रोज बघता?"

तो कानापर्यंत लाल झाला आणि सायकलच्या चाकामागे लपला. तिला हसू आलं, ते तिनं गिळलं. असंच तर सुरू होतं सगळं!

मग तिच्या लक्षात आलं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत हा गायब होतो. परततो तेव्हा केस ओले, डोळे लाल. विचारलं तर "ऊन फार आहे हो..." एकदा पलीकडच्या कंपनीच्या फाटकातून बाहेर पडताना दिसला. तिला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. का वाईट वाटावं, याचाही तिला राग आला.

"मामा, हा त्यांचा माणूस आहे," तिनं सांगून टाकलं.

मामा गंभीर झाले. "डोळ्यांनी बघून ये. खरं असेल तर उद्या घरी पाठवतो."

दुसऱ्या दुपारी ती सायकलवर त्याच्या मागे निघाली. पलीकडच्या फाटकातून आत, होड्यांच्या शेडमागे... आणि तिथं उथळ पाण्यात, रंगीत टोप्या घातलेल्या पाच-सहा मावश्यांच्या रांगेत, कमरेएवढ्या पाण्यात दुरुस्तीवाला उभा होता. काठावरून शिकवणाऱ्या आजी ओरडत होत्या, "श्वास नाकातून सोड, नाकातून! त्या मावशी बघ कशा बुडबुडे काढतायत."

भाचीबाईला हसू आवरेना. त्यानं वर पाहिलं आणि नाकातोंडात पाणी गेलं.

खोकत, टॉवेल गुंडाळत तो बाहेर आला. "पोहता येत नाही मला. शिकवणीचा वर्ग फक्त इथंच भरतो. मामांनी या रविवारी बचावाच्या होडीवर नेमलंय. नाही म्हणायलाच गेलो होतो, पण... तुम्ही तिथं उभ्या होतात. जीभच रेटेना."

तिचं हसू विरलं. "आणि कुणी पाण्यात पडलं असतं तर?"

त्याची नजर पाण्याकडे गेली.

"माझ्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून कुणाचा जीव टांगणीला लावणार होता?"

"चुकलंच माझं," तो हळूच म्हणाला. "आत्ताच जाऊन सांगतो."

आणि त्यानं खरंच सांगितलं, सगळ्या गाइडांच्या देखत. मामांनी कानउघाडणी केली, होडीवर दुसरा माणूस नेमला. मग सुटकेचा निःश्वास टाकून बोलून गेले, "बरं झालं बाबा. भाची तर तुला हेर समजत होती."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तो निघून गेला.

दोन दिवस तो कामापुरतंच बोलला. ते दोन दिवस तिला खायला उठले. रविवारी पाहुण्यांच्या होड्या पाण्यात गेल्या, तेव्हा काठावर टॉवेल आणि कोरडे कपडे घेऊन दोघंच उरले. तिनं न विचारता त्याला त्या जुन्या मेकॅनिकची गोष्ट सांगितली. डोळ्यांच्या तारिफेसकट.

त्यानं हातातले टॉवेल ढिगावर ठेवले.

"त्यानं तारीफ केली म्हणून मी करायची नाही... असं आहे का?"

"असं नाही... पण मला खरं वाटणार नाही. लगेच नाही वाटणार."

"चालेल. मी सांगत राहीन. मला आवडतेस तू."

एवढंच. पुढे गोड बोलणं नाही, वाटांची चौकशी नाही. तिनं नेहमीच्या संशयानं त्याचा चेहरा नीट न्याहाळला. कान पुन्हा लाल झाले होते.

"पोहणं सोडू नकोस," ती म्हणाली. "उद्यापासून मीही येते. मावश्यांच्या रांगेत माझ्यासाठी जागा धर."

"तुला येत नाही पोहता?"

"येतं की." तिनं टॉवेलांच्या ढिगाखाली त्याचा हात धरला. "मला तुझ्यासोबत यायचंय."