रिकाम्या पिकअपमधलं वजन

ही घटना खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावी, माझा आग्रह नाही. माझ्या बाबांना विचारलंत तर तेही हीच घटना सांगतील, पण वेगळी सांगतील. मी सांगतोय ती मामाची बाजू. ती मामाशिवाय फक्त मला माहीत आहे.

रात्र नव्हती. स्मशान नव्हतं. दिवस कलायला लागला होता आणि चांगलं लख्ख ऊन होतं. चारी बाजूंना वाळूच्या टेकड्या, आणि त्यात एक पिकअप...

बाबा शेतावरचे पंप बसवतात. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तो त्यांची पिकअप चालवतो. गाडी चालवण्यात मामाचा हात धरणारा कोणी नाही, असं खुद्द मामाचंच मत.

त्या दिवशी टेकड्यांपलीकडच्या एका बागेत पंप पोचवायचा होता. टेकड्यांना वळसा घालून पक्का रस्ता होता, पण लांबचा. मधून वाळूतली चाकोरी होती, ती चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांची. मामाच्या पिकअपची फक्त मागची दोन चाकं ओढतात.

तरी मामाने जाताना गाडी वाळूतूनच घातली, आणि ती आरामात पार झाली. मागे भलामोठा पंप होता ना!

पंप उतरला. गाडी रिकामी झाली. मामाने पुन्हा चाकोरीकडे वळवली.

"अरे, येताना रस्त्याने जाऊ," बाबा म्हणाले.

"दाजी, भरलेली गाडी आली, मग रिकामी का नाही येणार? उलट हलकी झाली."

"हलकी झाली म्हणूनच म्हणतोय. मागे वजन होतं म्हणून चाकं वाळू धरून होती. बरं, निदान टायरमधली हवा तरी थोडी काढ."

"आणि परत भरू कशी? तोंडाने फुंकू?"

बाबा हसले. बायकोच्या भावाशी वाद घालून कोणाचं भलं झालंय, असं म्हणाले आणि गाडीत बसले.

दोन टेकड्या नीट गेल्या. तिसऱ्या उतारानंतरच्या खोलगट भागात मागची चाकं नुसती फिरायला लागली. मामाने जोर दिला, तशी गाडी आणखी रुतली. फावड्याने वाळू काढली, चाकांखाली पोती घातली. गाडी तसूभरही हलेना. मामाचा चेहरा पडला. बाबा मात्र एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मामाला तेच जास्त लागलं.

शेवटी बाबा म्हणाले, "मी ढकलतो. सुटली की थांबू नकोस, थांबलास की पुन्हा रुतशील. सरळ कडक जमीन गाठ. मला जमलं तर मी मागे चढेन आणि पत्र्यावर दोन थापा मारेन. नाहीच जमलं तर पाण्याची बाटली घेऊन मला घ्यायला ये. माझ्या गुडघ्याचं काही खरं नाही."

"येतो ना दाजी. हे काय सांगणं झालं?"

मामाने गाडी चालू केली. बाबांनी मागून खांदा लावला. चाकं फिरली, वाळू उडाली... गाडी जागच्या जागी.

आणि एकदम...

धप्.

गाडीची मागची बाजू खाली बसली. कोणीतरी जड माणूस चढावा तशी.

थाप... थाप.

चाकांनी वाळू धरली आणि गाडी सुटली. आरशावर धुळीचा थर होता, मागचं काही दिसत नव्हतं. पण पाहायची गरजच काय? थापा तर ऐकल्या होत्या!

"घट्ट धरा दाजी!" मामा ओरडला. एक टेकडी, दुसरी टेकडी, तिसरी... गाडी पंप असताना चालली होती तशीच चालत होती. मामा तर चक्क गाणं म्हणत होता.

कडक जमीन लागली. मामाने गाडी थांबवली.

"बघितलंत ना दाजी? हलकी काय नि जड काय!"

उत्तर नाही.

मामा उतरून मागे गेला.

मागे एक दोर होता... आणि बाकी काहीच नाही.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दाजी मागेच राहिले होते. पाणी नाही, गुडघा धड नाही, आणि वारा वाढायला लागला होता. मामाने बाटली उचलली आणि निघणार, एवढ्यात त्याचं लक्ष गाडीकडे गेलं.

गाडी अजून मागून दबलेली होती.

रिकामी गाडी... पंप असल्यासारखी दबलेली.

तो बघत असतानाच मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले. मागची बाजू हळूच वर आली. कोणीतरी सावकाश उतरावं तशी.

मग गाडीच्या मागे, जिथे वाळू सुरू होत होती तिथे, एक पाऊल उमटलं.

अनवाणी.

मग दुसरं... मग तिसरं...

माणूस नव्हता. नुसती पावलं उमटत होती आणि टेकडी चढत होती. ती चालली होती दाजींच्या दिशेने.

मामाने फक्त त्याच वाटेने जायचं होतं. बाटली हातात होती. दोन-चार पावलं त्याने टाकलीसुद्धा.

मग तो मागे फिरला. गाडीत बसला, काचा वर केल्या, दारं आतून लावली.

दाजी चिवट आहेत, येतील... असं तो स्वतःला सांगत राहिला. खरं एवढंच होतं की त्याची पाचावर धारण बसली होती. हॉर्न वाजवला असता तर दाजींना दिशा तरी कळली असती. त्याने तोही वाजवला नाही. त्या पावलांनी ऐकलं तर, अशी त्याला भीती वाटली.

बाहेर वारा पिसाळला. वाळू काचांवर आपटायला लागली, टेकड्या दिसेनाशा झाल्या. बाटली मामाच्या मांडीवर तशीच होती.

बऱ्याच वेळाने त्या धुळीतून एक माणूस लंगडत आला. एकटाच. तोंडाला रुमाल गुंडाळलेला.

बाबा होते.

मामाने दार उघडलं, गाडी चालू केली. बाबा घटाघटा पाणी प्यायले आणि त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू आला नसतास तर आज संपलो होतो रे."

मामाला वाटलं, टोमणा मारतायत. पण बाबांचे डोळे भरले होते.

"डोळे उघडता येईनात. रुमाल बांधून एका जागी बसून राहिलो. म्हटलं, आता काही खरं नाही. तेवढ्यात तू येऊन दंडाला धरलंस. काय पकड होती! गुडघ्यावर भार म्हणून येऊ दिला नाहीस. गाडी जवळ आली तसा हात सोडलास आणि पुढे आलास, ते बरं केलंस."

मामाने तोंड उघडलं. मी आलो नव्हतो, एवढंच तर म्हणायचं होतं.

"हं," तो म्हणाला.

थोडं अंतर गेल्यावर बाबा म्हणाले, "पण एक सांग. वाटभर काय पुटपुटत होतास? आवाज पार बसला होता तुझा. 'मागच्या वेळी थांबलो नाही... मागच्या वेळी थांबलो नाही...' मागची वेळ कुठली रे?"

मामाने गाडी पक्क्या रस्त्याला लावली आणि घर येईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.

घरी बाबांनी सगळं सांगितलं. आईने मामाच्या तोंडावरून हात फिरवला. "भाऊ असावा तर असा," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवताना ती त्याला आग्रह करकरून वाढत होती.

पुढे त्याने बागेच्या राखणदाराला विचारलं, या वाळूत कधी कोणी मागे राहिलं होतं का? तो म्हणाला, माणसं येतात, जातात, कोण लक्ष ठेवतं.

एकदा धीर करून मामा बाबांना म्हणाला, "दाजी, त्या दिवशी मी आलोच नव्हतो. गाडीत बसून होतो. दारं लावून."

बाबा हसले. "तू आणि श्रेय नाकारतोयस? सूर्य कुठे उगवलाय आज?"

"खरंच सांगतोय दाजी."

"बरं बरं. मग मला काय भुताने आणलं?"

बाबांना काही पटेना.

म्हणून मामाने मला सांगितलं. गाडी धुताना, माझ्याकडे न बघता. कोणीतरी एकाने विश्वास ठेवावा एवढंच त्याला हवं होतं. मी ठेवला. शेवटी तो म्हणाला, "त्याला लाज वाटली, म्हणून तो मेल्यावरही माणूस आणायला परत गेला. मी जिवंत होतो रे. हातात पाणी होतं."

तो कोण होता, कोणाला सोडून आला होता, आम्हाला आजही माहीत नाही. आता तरी त्याची सुटका झाली असेल का, की पुढची रिकामी गाडी रुतेपर्यंत तो तिथेच बसून आहे, तेही माहीत नाही.

पाहुणे आले की बाबा ही घटना रंगवून सांगतात. दंड धरण्याच्या जागी आले की थांबतात आणि म्हणतात, "विचारा याला."

सगळे मामाकडे बघतात. मामा माझ्याकडे बघतो.

मी खाली बघतो.