निताची ओळ

हे खरं आहे, पण पटवून द्यायची मला हौस नाही. फाइल माझ्याकडे आहे. ज्याला ऐकायची त्यानं मालेगावला यावं.

मार्च महिना. रामनवमीला बारा दिवस होते. दुपारचे दोन.

माझा स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक माइक, एक पंखा. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद लागतो, नाहीतर घरघर येते. मी हमखास विसरायचो. मग माझी बायको वर्षाराणी आत यायची, बटण दाबायची आणि डोळे वटारून जायची.

तिला जाऊन दीड वर्ष झालं. आता बटणावर चिठ्ठी चिकटवलीय. ती गेल्यापासून मला काही वाटत नाही. रडूसुद्धा येत नाही.

त्या दुपारी आमच्याच जिल्ह्यातल्या पोहरादेवीकडच्या तांड्यावरून अमरदीप त्याच्या आईला, हिरीबाईला घेऊन आला. तिचा ढावलो त्याला तिथल्या रामनवमीच्या यात्रेत लोकांना मेमरी कार्डवर द्यायचा होता. बंजारा नवरी सासरी जाताना आईच्या गळ्यात पडून गाते, तो ढावलो.

हिरीबाई एक ओळ गायची... आणि तेवढाच वेळ गप्प बसायची.

"मावशी, मधात काहून थांबता?"

"थे निताची ओळ हाय."

निता तिची मुलगी. ढावलो शिकून झाला होता, लग्न ठरलं होतं. ऊसतोडीवर तापानं गेली.

मी चोवीस बिटमध्ये रेकॉर्ड केलं. ती मोठी फाइल काहीच गाळत नाही. एमपीथ्री लहान असते, कारण कानाला कळणार नाही असं जे वाटतं ते ती काढून टाकते. यात्रेत लोक मोबाइलवरच ऐकतात, म्हणून मी एमपीथ्री निवडली.

पाठवण्याआधी दोन्ही ऐकल्या.

एमपीथ्रीत हिरीबाईच्या ओळीनंतर नुसती शांतता.

मोठ्या फाइलीत... कुणीतरी श्वास घेतला.

मग अगदी खालच्या आवाजात, एक पोरगी. पूर्ण ओळ.

केबल बदलली. हेडफोन बदलले. तरी तेच. रेकॉर्डिंगला खोलीत आम्ही तिघंच होतो.

मला भीती वाटली नाही. गार झालेला चहा प्यायलो आणि एमपीथ्री पाठवून दिली. दुसऱ्या फाइलीबद्दल कुणाजवळ बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी हिरीबाई एकटीच बसनं आली.

"याच्यात माही निता नाही."

तिला कुणी सांगितलं होतं?

मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले आणि मोठी फाइल लावली. पहिल्या रिकाम्या ओळीला तिनं डोळे मिटले. दोन्ही हात पुढे केले, कुणाच्या तरी पाठीवरून फिरवत राहिली.

"हेच द्या लोकायले. लग्नात गायली असती तं साऱ्या तांड्यानं आयकलं असतं तिले."

"मावशी, फाइल लय जड हाय. पोट्टे एकमेकायले पाठवतीन कशी?"

"मंग तुमी कोनाले गाळून राह्यले, थे पायता तरी काय?"

ते मला लागलं. दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी लागलं.

वर्षाराणीचा आवाज माझ्याकडे एकच आहे, मोबाइलवरचा चार सेकंदांचा. "येतानी दूध आनजा." तोही दाबून दाबून लहान झालेला. घरात माइक असून मी तिला कधी त्याच्यासमोर बसवलं नाही.

ढावलो मी फ्लॅकमध्ये दिला. तीही जडच, पण काही गाळत नाही. कार्डावर गाणी कमी मावली म्हणून अमरदीप चिडला. यात्रेत निता कुणाला ऐकू आली का, माहीत नाही.

त्यानंतर रोज दुपारी मी माइक सुरू करतो, खोलीला बाहेरून कडी लावतो आणि ओसरीवर बसतो. चोवीस बिट, चाळीस मिनिटं. पंखा मुद्दाम चालू ठेवतो.

रोज नुसती घरघर.

काल कडी काढली तेव्हाही पंखा फिरतच होता.

पण फाइलीत, एकतिसाव्या मिनिटाला... बटणाचा खटका.

मग घरघर मंदावत गेली. थांबली.

मी तिथंच फाइल बंद केली. पुढची नऊ मिनिटं अजून ऐकलेली नाहीत.