समासातले दोन ठिपके

"उद्या अकराला घराला सील लागणार," शिवणवाली म्हणाली आणि तिने कोर्टातून आणलेली कर्जाच्या कागदाची झेरॉक्स नक्कल टेबलावर ठेवली.

मास्तरांनी चष्मा पुसला. शाळा सोडून ते खाजगी तपासाकडे वळले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. शेजारी त्यांचा मित्र बसला होता. तीस वर्षं कोर्टाचे हुकूम बजावून तो निवृत्त झाला, तरी सगळे त्याला बेलीफच म्हणत. असला कागद त्याला तोंडपाठ होता. कर्ज कबूल, रक्कम कबूल, माझं म्हणणं न ऐकता निकाल द्यावा, खाली सही. कोर्टाने तसाच निकाल दिला होता.

"सही नवऱ्याचीच?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांचीच. पण कर्ज शिलाई मशीनपुरतं होतं, ते दोन वर्षांपूर्वी फिटलं. कागद फाडला म्हणाले सावकार. आता यांना विचारावं, तर झटका आल्यापासून वाचा गेलीय. साक्ष धाकट्या दिरांची आहे. त्यांचंही कर्ज तिथलंच. ते म्हणतात, सगळं खरं."

"मग संपलंच," बेलीफ पुटपुटला. "नक्कल तरी धड काढायची. डावीकडे दोन काळे ठिपके पडलेत."

मास्तर त्या ठिपक्यांकडेच पाहत राहिले.

दोघं सावकाराच्या पेढीवर गेले, तेव्हा तो गोड बोलला. "आधी मजकूर, मग सही, मग साक्ष. आमच्याकडे उलटं काही होत नाही."

त्याचा कारकून चिक्कूपणात मालकाला भारी होता. कागदाच्या अगदी कडेपासून लिहायचा, समास म्हणून सोडायचा नाही. मास्तरांनी समोरची फाईल चाळली. प्रत्येक कागदावर फाईलच्या भोकांनी दोन-चार अक्षरं खाल्ली होती.

"भोकं कधी पाडता?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"सही झाली की लगेच. बिनसहीचा कागद वाया कशाला घालवू?"

"आणि शिवणवालीच्या दिराचं कर्ज?"

"गेल्या महिन्यात मिटलं," कारकून बोलून गेला. सावकाराने त्याच्याकडे डोळे वटारले.

दीर वर्षभर बेकार होता. "वाचूनच साक्ष घातली," एवढंच तो घोकत राहिला. मास्तर त्याला थेट वहिनीच्या घरी घेऊन आले. खाटेवर नवरा पडून होता.

"बेलीफ, हे ठिपके म्हणजे डाग नव्हेत," मास्तर म्हणाले. "कागदाची भोकं नकलेत काळी उमटलीत. इतर कागदांवर त्यांनी अक्षरं तोडलीत, इथे एकही तुटलेलं नाही. सगळ्या ओळी कडेपासून, फक्त ठिपक्यांशी बोटभर आत. लिहिणाऱ्याला भोकं आधीच दिसत होती."

"आणि सहीशिवाय तो भोक पाडत नाही," बेलीफ सावकाश म्हणाला. "म्हणजे सही कोऱ्या कागदावर झाली."

"मशीनच्या वेळी. फाडला म्हणाले तो हाच कागद. मजकूर मागाहून भरला." मास्तर दिराकडे वळले. "तुम्ही वाचून साक्ष घातलीत, म्हणजे मजकूर कधी भरला ते तुम्हाला ठाऊक आहे. कमाई नसताना तुमचं कर्ज गेल्या महिन्यात कसं मिटलं?"

दिराने खाटेकडे पाठ केली. "माझाही कोरा कागद होता त्यांच्याकडे. म्हणाले, दादाच्या कागदावर साक्ष घाल, तुझा जाळतो. मला वाटलं, दादा आता बोलणार थोडाच."

खाटेवरच्या माणसाने भिंतीकडे तोंड फिरवलं. वाचा गेली होती, कान शाबूत होते.

शिवणवाली रडली नाही. "उद्या दहाला कोर्टात यायचं, भाऊजी. साहेबांपुढे हेच बोलायचं. नंतर या घरात यायचं की नाही, ते तुमचे दादा ठरवतील."

पावणेअकराला स्थगिती मिळाली. सील घेऊन आलेला माणूस दारातूनच परतला.

बेलीफ बराच वेळ त्या दारापाशी उभा होता. अशी किती दारं आपण बंद केली, ते त्याला आठवेना.

"मास्तर," तो म्हणाला, "मी जन्मभर खालची सही तेवढी पाहिली."