येते हं

हे कुणाला सांगायचं नाही, असं हिंमतकाकांनी मला बजावलं होतं. तरी लिहिते आहे, कारण मनात ठेवून झोप लागत नाही.

मार्गशीर्षातली अमावास्या होती. वारज्यात आमच्या सोसायटीची लाइट गेली, म्हणून आम्ही मुलं गच्चीवर जमलो. हिंमतकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. ते म्हणाले, "माझ्या ओळखीतल्या एका बाईचं सांगतो. खरं घडलेलं."

ती बाई मांजरी गावात एका घरी भेटायला गेली होती. तिथल्या बायडाबाईंनी तिला लहानपणी सांभाळलेलं. शेवटच्या आजारात त्या रोज फोन करायच्या, "ये गं. मी हाय." ही उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिली. गेली ती त्यांचा दहावा झाल्यावर. घरच्यांशी बोलली, फोटोला नमस्कार केला आणि चप्पल घालताना सवयीने म्हणाली, "येते हं."

"दुःखाच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत," काका म्हणाले. "गप निघायचं असतं."

"मग काय, बायडाबाई बसने आल्या मागोमाग?" आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या शुभंकरदादाने विचारलं.

"बसने निघाल्या असत्या तर अजून स्टॉपवरच असत्या. ही स्कूटरवर होती. मागची सीट रिकामी."



त्या रात्रीपासून बाई 'आहे'ला 'हाय' म्हणू लागली. पाय ओढत चालू लागली. स्वतःची तान्ही मुलगी रडली की विचारायची, "ही कुणाची गं?" डॉक्टर म्हणाले, मनाला लागलंय. गोळ्या दिल्या.

मग एकदा नवऱ्याला जाग आली. शेजारी ती नव्हती. बाथरूममध्ये कुजबुज. दिवा बंद. ती आरशासमोर उभी. आरशातल्या स्वतःलाच विचारत होती...

"का आली न्हाईस गं, पूर्णि..."

काकांनी जीभ चावली आणि माझ्याकडे पाहिलं.

पूर्णिमा माझ्या आईचं नाव आहे.

बाकीची मुलं खाली गेल्यावर काकांनी मला जिन्यात थांबवलं. "मीच तिला परत मांजरीला नेलं. उंबऱ्यापाशी उभी केली, आणि एक शब्द न बोलता बाहेर आणली. सुटली. तिला काही आठवत नाही. विचारू नकोस, चैताली."

आई कुणाच्याही घरून निघताना नुसती हसते, काही बोलत नाही. मला वाटायचं, माझ्यासारखीच लाजाळू आहे.

आता मी तिचं बोलणं कान देऊन ऐकते. ती 'आहे'च म्हणते. सरळ चालते. आत्ता आत भाकऱ्या थापते आहे. झाल्या की नेहमीसारखी म्हणेल, "चैताली, चल, ताट वाढलेलं आहे." म्हणजे ही माझीच आई, असं मला आता अगदी नक्की

"चैताली, ये गं. मी हाय."