एक खट् म्हणजे वर

"डोळे मिटा. अंगठा वर आहे की खाली?"

डॉक्टर भीमाचार्यांनी मुग्धाच्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला होता. ते सांगत होते म्हणून खरं मानायचं. तिला स्वतःला काही म्हणजे काही कळत नव्हतं. होसूर रोडवर स्कूटर घसरली, मणका मोडला, ऑपरेशन करून पाठीत दोन सळ्या बसवल्या. आयसीयूतला आज अकरावा दिवस. सहा आठवड्यांत पायांना काही कळू लागलं तर आशा धरू, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून पुण्याहून धावत आलेल्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आत्ताही ती पदराचं टोक दातात धरून पलंगाशी उभी होती.

वर म्हणावं... की खाली?

खट्.

कुठूनसा आवाज आला आणि दचकून मुग्धा बोलून गेली, "वर!"

"सरी, बरोबर! आणि आता?"

खट् खट्.

"ख... खाली?"

आईला रडूच कोसळलं. डॉक्टर तिची समजूत घालत बाहेर गेले. मुग्धाने डोळे उघडले, तर शेजारी व्हीलचेअरवर एक सावळा तरुण. हात ब्रेकच्या दांडीवर, आणि चेहरा असा की जन्मात कधी खोटं बोलला नसेल!

"मी दयानंद. निपाणीचा. बोम्मसंद्र्यात कारखान्यात शिडीवरून पडलो, चार महिने झाले. नव्या पेशंटला धीर द्यायला इथं जुना पेशंट पाठवतात."

"धीर द्यायला की कॉपी पुरवायला?"

"आईंचं तोंड बघवेना हो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "...आणि तुमचं बी."

मुग्धाला अकरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

ती वॉर्डात आली तरी दर गुरुवारी तपासणी असायची, आणि दर गुरुवारी दयानंद नेमका शेजारी 'सहज' असायचा. एक खट् म्हणजे वर, दोन म्हणजे खाली. बाकीचे सहा दिवस तो कशाला यायचा, हे मात्र विचारायची सोय नव्हती. कधी चिकपेटच्या साडीवाल्याची नक्कल, कधी कन्नडची शिकवणी.

"स्वल्प म्हणजे थोडं. म्हणा, स्वल्प हसते."

"आणि फार हसते, ते कसं म्हणायचं?"

"ते... ते पुढच्या धड्यात," म्हणून तो कानापर्यंत लाल झाला.

सगळं मजेत चाललं होतं. खोट्याला पाय नसतात, हे तिला कोण सांगणार!

एका संध्याकाळी आईने तिचे पाय चाचपले. "गार पडलेत गं. आता कळतंय ना तुला? शेकायची पिशवी ठेवते." पिशवी टाचेशी ठेवून तिने विचारलं, "चटका बसत नाही ना?"

मुग्धाने आईकडे पाहिलं. आता खरं सांगायचं?

"नाही गं. छान ऊब येतेय."

तासाभराने सिस्टरने चादर उचलली. टाचेवर लिंबाएवढा फोड आला होता. मुग्धाला पत्ताच नव्हता. आईने फोडाकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे, आणि काही न विचारता तिला सगळं कळलं.

दयानंदने स्वतः डॉक्टरांकडे जाऊन कबुली दिली, बोलणी खाल्ली आणि मुग्धापाशी आला.

"तुमच्यामुळे झालं हे!" ती ओरडली. "माझ्या आईला फसवलंत तुम्ही!"

त्याने वाद घातला नाही. "माझ्या पहिल्या तपासणीला मी एकटाच होतो. कुणीतरी नुसतं खट् करावं असं फार वाटलं होतं. म्हणून... चुकलंच माझं." खुर्ची वळवून तो गेला. पुन्हा आला नाही.

गुरुवार येत राहिले. "वर की खाली?" "कळत नाही." पुन्हा, "कळत नाही." सहावा आठवडा सरला. डॉक्टर मान हलवून गेले. मुग्धा मात्र दारातून जाणाऱ्या प्रत्येक चाकाच्या आवाजाला कान लावून पडून राही. आपल्याला पायांची जास्त काळजी आहे की त्या मेल्याची, हे तिचं तिलाच उमगेना.

आठव्या आठवड्यात सिस्टर टाचेचं ड्रेसिंग बदलत होती.

"आई गं! हळू ना!"

सिस्टरचा हात थांबला. आईच्या हातातली वाटी खाली पडली.

"झोंबलं..." मुग्धा हसत होती आणि रडत होती. "आई, झोंबलं!"

तिसऱ्या दिवशी आई स्वतः दयानंदची खुर्ची ढकलत घेऊन आली आणि चहाचं निमित्त काढून निघून गेली.

"ऐकलं मी," तो खाली बघत म्हणाला. "लई बरं वाटलं. तुम्ही चालाल आता. पुण्याला जाल. माझे पाय काही... मी उगीच कशाला मध्ये..."

"परीक्षा घ्या माझी."

"मी?"

"तुम्हीच. आणि ब्रेकला हात लावायचा नाही!"

तिने डोळे गच्च मिटले. पायाकडून, फार लांबून, काहीतरी हललं.

"वर," ती म्हणाली. "...खाली. पुन्हा खाली."

मग काहीच हललं नाही. बराच वेळ.

"आता?" त्याने विचारलं.

"आता तू नुसता धरून बसलायस."

"...सोडू?"

"बघ हं," डोळे न उघडता मुग्धा म्हणाली, "सोडलास तर मला कळेल."