देवराईतली वाळकी काडी

हे मला कोणी सांगितलेलं नाही. माझ्याच घरात झालं... माझ्याच हातानं झालं. देवराईच्या गावाचं नाव तेवढं लिहीत नाही.

मागच्या चैत्रातला मंगळवार. भर दुपार. सालेकसा तालुक्यातल्या एका देवराईत आम्ही दर्शनाला गेलो होतो. मी, माझी सहा वर्षांची गुंजन आणि माझी धाकटी जाऊ रुचिका.

गुंजननं रुचिकाचं बोट धरलं होतं. माझं नाही.

घरीही तेच. जेवायचं काकीच्या हातून, झोपायचं काकीजवळ. रुचिकाला मूल नाही, तिचा जीव पोरीवर. मला कळत होतं सगळं.

तरी आतून जळत होते.

राईत पूजा करणारे जागेश्वरबाबा म्हणाले, "बाई, इथलं सुकलं पानही घरी नेऊ नका. राईले आपली वस्तू दुसऱ्यापाशी गेलेली खपत नाही. मंग ते राई मागं येते, आपलं घ्याले."

तेवढ्यात गुंजन पडली. गुडघा फुटला. मी धावले...

तिनं हात पसरले रुचिकाकडे.

मी खाली वाकले. एक वाळकी काडी उचलली आणि गुपचूप रुचिकाच्या पिशवीत टाकली.

आमचं घर बिरसीजवळ. दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिकाच्या खोलीतून आवाज आला... वाळक्या पानांवरून कोणी चालल्यासारखा.

खोलीत फरशी आहे. अंगणात एकही झाड नाही.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी अंगणात चिमण्या आल्याच नाहीत. घरचं कुत्रं उंबऱ्याशी थांबलं. आत येईना.

चौथ्या दुपारी पुन्हा तोच आवाज...

पण आता माझ्या खोलीतून.

गुंजन भिंतीकडे तोंड करून उभी होती. मूठ घट्ट आवळलेली. मी तीनदा हाक मारली. ती वळली नाही.

रुचिका धावत आली. "गुंजन, का झालं बाई?"

गुंजन लगेच वळली. मूठ उघडली. आत ती काडी.

"काकीच्या पिशवीतून घेतली. काकीची आहे ना, म्हणून मले पायजे होती."

रडत रडत मी रुचिकाला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "काऊन केलं ताई? बोलल्या असत्या त मी दूर राहिली असती."

मग तिनंच स्कूटी काढली. आम्ही तिघी राईत गेलो. जागेश्वरबाबांनी काडी जागेवर ठेवली. म्हणाले, "काडी परत आली. पण तिनं तुमच्या घरून काय आणलं, ते मले नाही सांगता येत."

गुंजन बरी आहे. शाळेत जाते, सगळ्यांशी बोलते.

फक्त माझा आवाज तिला ऐकू येत नाही.

गोंदियाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. कान ठणठणीत. माझे ओठ हलताना तिला दिसतात. मी काय बोलले, ते रुचिका तिला सांगते.

परवा दुपारी ती समोर अंगणात खेळत होती. सवयीनं हाक मारली... "गुंजन..."

तिनं मान वर केली नाही.

पण घरामागच्या धानाच्या बांधापलीकडून उत्तर आलं. आवाज तिचाच...

"आली आई... येऊन राहिली."